हिलमनचे छत

१

गाडीला चमक आणायची तर आधी ती नीट धुवावी लागते. धुळीचा एखादा कण राहिला तर यंत्राच्या चकतीखाली तोच रंगावर ओरखडे काढतो. धुऊन, पुसून गाडी सावलीत कोरडी होऊ द्यायची. मग फडक्याने मेण लावायचे, अगदी पातळ. ते सुकून पांढुरके झाले की त्यावरून यंत्र फिरवायचे.

हे यंत्र माझ्या जावयाचे, गोवर्धनचे. अकोल्याला त्याचा मोटारदुरुस्तीचा कारखाना आहे. मायदेशी परतणाऱ्या कुणा परदेशी इंजिनिअरकडून त्याने ते घेतले होते. जड, लोखंडी, दोन मुठींचे. खाली गोल चकती आणि तिला मेंढीच्या लोकरीची टोपी. ही चकती नुसती गरगर फिरत नाही, फिरता फिरता लहानशा रिंगणात सरकतही राहते, त्यामुळे रंग एकाच जागी जळत नाही. चालू असताना तिची थरथर कोपरापर्यंत येते. बंद केल्यावर तळहात काही वेळ आपले राहत नाहीत.

सन त्रेसष्टच्या हिवाळ्यात मी माझी जुनी काळी हिलमन या यंत्राने चकाकवत होतो. अमरावतीच्या कँपात आमचे घर आहे. पोर्चमध्ये गाडी, पोर्चला लागून खोली, आणि खोलीच्या खिडकीशी माझ्या पत्नीची, सत्यभामेची खाट. सकाळी तिचे अंग पुसून, पेज भरवून झाली की मी गाडीकडे वळत असे. एका दिवशी एकच भाग घ्यायचा. आधी मडगार्ड, मग दारे, मग बॉनेट. छत शेवटी ठेवले होते, कारण त्यासाठी स्टुलावर चढावे लागते आणि मला हल्ली स्टुलाची भीती वाटते.

खरे तर त्या गाडीला चमक असण्याची काहीच गरज नव्हती. सत्यभामा त्या गाडीतून अकोल्याला जाणार की नाही, एवढेच ठरायचे होते. ते काम माझे होते, आणि मी ते सोडून गाडी घासत होतो.

२

मी डॉक्टर. अचलपूरला आणि पुढे अमरावतीला सरकारी दवाखान्यांत नोकरी केली, शेवटची काही वर्षे नागपूरला विद्यार्थ्यांना मज्जासंस्था शिकवली. विलायतेची पदवी दिवाणखान्यात टांगलेली आहे. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढचे वाचून वाचकाने मला अडाणी समजून सोडून देऊ नये, एवढ्यासाठी सांगतो. सोडून दिले तर तेच बरोबर होईल, असेही मला अधूनमधून वाटते.

सत्यभामेला पहिला झटका आला तेव्हा उजवे अंग आणि वाचा गेली. दुसऱ्या झटक्याने डावेही जवळजवळ गेले. डोळे उघडे असत, पण ते कुठे बघतात हे सांगता येत नसे. उरला होता डाव्या हाताचा तळवा. त्यात माझा उजवा हात दिला आणि काही विचारले, की थोड्या वेळाने दाब येई. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. बघणाऱ्याच्या डोळ्यांना काही दिसत नसे, बोट हलत नसे. कळे ते फक्त हाताला, आणि तेही श्वास रोखून बसले तर. दोन वर्षे आमचा संसार त्या दाबावर चालला होता. पाणी हवे का, खिडकी लोटू का, कामाच्या मैनाबाईने विंचरताना केस ओढले का.

आमची एकुलती मुलगी शालू अकोल्याहून अधूनमधून येई. तिने कितीदा तरी आईचा हात धरून पाहिला. तिला काही कळत नसे. मी म्हणत असे, सवय लागावी लागते.

त्या दिवाळीनंतर सत्यभामेच्या पाठीला जखम झाली. तिला कुशीवर वळवणे मला एकट्याला जमत नव्हते आणि मैनाबाई दिवसापुरतीच येई. शालू म्हणाली, आईला मी नेते. तिकडे खोली तयार आहे, नर्स ठेवू, तुम्हीही चला. तिचे सगळेच शहाणपणाचे होते.

पण आमच्याकडे एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी जेवत नाहीत, पाणीसुद्धा घेत नाहीत. शालूच्या लग्नाला कितीतरी वर्षे झाली होती आणि मूल नव्हते. मी ही रीत मानत नाही. पाळत मात्र आलो, कारण सत्यभामा मानत होती. अकोल्याला गेलो की ती घरूनच भाकरी बांधून नेई, सोबत पाण्याचा तांब्या, आणि शालूच्या ओसरीवर बसून तेवढेच खाई. शालू आत जाऊन रडे. एकदा तिने विचारलेही, की आई, ही रीत पाळतेस की मला शिक्षा देतेस? सत्यभामेने भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली मान घालून खाल्ला.

आता तिला भाकरी बांधता येत नव्हती. तिच्या तोंडात चमचा जाणार तो लेकीच्याच घरचा. तिला न विचारता हे करणे मला जमणार नव्हते. मी शालूला सांगितले, मी आईला विचारतो. हो म्हणाली तर घेऊन जा. नाही म्हणाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. शालूने ते कबूल केले. येत्या रविवारी ती आणि गोवर्धन येणार होते. गोवर्धनच्या जीपचे धक्के आजारी माणसाला सोसले नसते, म्हणून न्यायचे झाले तर माझ्या हिलमनमधून.

विचारायला मला एका मिनिटाचा वेळ लागला असता. मी विचारले नाही. आज छत करू, मग विचारू, असे म्हटले.

३

मेण राहिले आहे का हे पाहायची एक पद्धत गोवर्धनने दाखवली होती. यंत्र बंद करायचे, डोळे मिटायचे आणि तळहात सपाट ठेवून पत्र्यावरून सरकवायचा. हात अडला तर तिथे मेण आहे.

मी स्टुलावर उभा राहून छतावर हात सरकवत होतो. यंत्राचा घोंघाट थांबला की एरवी चिमण्यांचे, रस्त्यावरच्या टांग्याचे आवाज परत येतात. त्या दिवशी ते यायला जरा वेळ लागला. छताच्या मागच्या भागात, मधोमध, तळहाताखाली काहीतरी किंचित वर आले आणि खाली गेले.

पत्रा तापतो, निवतो, हलतो. मी हात तिथेच ठेवला. पुन्हा तेच झाले. पत्रा हलला की टप्प असा आवाज होतो, तसा आवाज नव्हता. तो दाब मला ओळखीचा होता. पण घरातले माणूस परक्या गावच्या बाजारात दिसावे तसे झाले, ओळख पटायला क्षणभर लागला.

खाली उतरून गाडीचे दार उघडले. आत कोणी नव्हते. मागची सीट रिकामी, छताच्या आतले करडे कापड ताणलेले. चामड्याचा जुना वास. दार लावून घेतले.

जेवण झाल्यावर मी कपाटातून सुई, कापूस आणि काचेच्या दोन नळ्या काढल्या, एकीत गरम पाणी, दुसरीत गार. असे मी शेकडो रोग्यांचे केले आहे. डावा हात ठीक होता. उजव्या तळहाताला कापूस कळला नाही, गरम-गार कळले नाही. सुई टोचली, रक्ताचा थेंब आला, मी तो बघत राहिलो. थरथरणाऱ्या यंत्राने नसा बधिर होतात हे मला माहीत होते. यंत्र बाजूला ठेवले की दोन-चार दिवसांत हात परत येतो.

आणि ज्या हाताला सुई कळत नाही त्याला पत्र्याखालचा दाब कळणार नाही. म्हणजे मला जे कळले ते कळलेच नव्हते. वर्गात हे वाक्य मी मोठ्या समाधानाने उच्चारले असते.

रविवारपर्यंत तो हात बरा व्हायला हवा होता, कारण सत्यभामेचे उत्तर फक्त त्याच हाताला समजत असे. यंत्र गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, एवढेच करायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पुन्हा लावले. यंत्र फिरवून झाल्याशिवाय छत काही सांगत नसे.

४

मैनाबाई फाटकातून आली तेव्हा मी स्टुलावर होतो, डोळे मिटलेले, हात छतावर. ती किती वेळ बघत होती कोण जाणे.

"डाक्टरसायब," ती म्हणाली, "नाडी पाहून राहिले का टिनाची?"

मी म्हटले, मेण बघतोय.

"मंग बोलून काहून राहिले त्याच्यासंग?"

मी बोलत होतो हे मला माहीत नव्हते. मी काय बोलत होतो ते मी तिला विचारले नाही. ती हसत आत गेली. जाता जाता म्हणाली, टिनाले ताप आला असंन त मले सांगजा, मी पट्टी ठेवतो. मैनाबाईचे असेच असते. सत्यभामेशीही ती दिवसभर एकटीच बोलते, गावातल्या भांडणांच्या गोष्टी सांगते, मधेच तिला रागावते, आणि उत्तर न आल्याचे तिला कधी काही वाटत नाही.

थोड्या वेळाने तिने मला आत बोलावले. सत्यभामेचा डावा हात परातीत धरून ती तो धूत होती.

"बाईच्या हाताले हे काय लावलं जी? निंगूनच नाही राहिलं."

तळव्यावरच्या रेषांमध्ये पांढुरके काहीतरी सुकून बसले होते. मी वाकून वास घेतला. मेण होते.

साहजिकच ते माझ्या हातचे असणार. मी घासलेटने आणि मग साबणाने हात धुऊनच तिच्याकडे जातो, पण नखात राहू शकते. बधिर हाताला काय लागले आहे ते कळतही नाही. हे सगळे मी मैनाबाईला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि गरम पाणी आणायला उठली. माझे मलाच आठवत होते, की छताला हात घातल्यापासून मी सत्यभामेचा हात हातात घेतलेला नाही. अंग पुसतानाही तो टाळला होता. तिने हात दाबला आणि मला कळले नाही तर, या भीतीने.

ती छताकडे, म्हणजे खोलीच्या छताकडे, बघत होती. किंवा बघत नव्हती.

५

मनाशी विचार केला. छत दाबते ते सत्यभामेसारखेच दाबते. तोच उशीर, तेच बळ, हो म्हणजे एकदा आणि नाही म्हणजे दोनदा. आपण अचलपूरला राहिलो का, असे मी छताला विचारून पाहिले. एकदा. दर्यापूरला राहिलो का. दोनदा. उत्तरे बरोबर होती. पण ही उत्तरे मलाही ठाऊक होती. ठाऊक असलेलेच जर उत्तर येत असेल तर तो दाब पत्र्याचा नाही, माझ्याच हाताचा आहे. आजारी नस स्वतःशीच बोलते, तसे.

आणि तो माझ्याच हाताचा असेल, तर मग गेली दोन वर्षे काय होते? पाणी हवे का, खिडकी लोटू का. ही उत्तरे कोणाची होती? खाटेवरच्या त्या बाईने एकदाही हात दाबला नसेल, आणि मी स्वतःलाच हो-नाही म्हणवून घेत तिच्या नावाने संसार केला असेल. शालूला काही कळत नव्हते ते सवय नाही म्हणून, की कळण्यासारखे काही नव्हतेच म्हणून?

विद्यार्थ्याला मी विचारले असते: पडताळा कुठे आहे? मग मी पडताळा योजला. सत्यभामेच्या कपाटाची किल्ली ती आजारी पडल्यापासून सापडत नव्हती. कपाट लोहाराकडून उघडून घ्यावे लागले होते. किल्ली कुठे आहे हे मला ठाऊक नव्हते, तिला होते. मी छताला विचारले. देवघरात? दोनदा. उतरंडीत? दोनदा. असे विचारत विचारत शेवटी तुरीच्या डाळीच्या डब्यावर आलो. एकदा.

मी स्वयंपाकघरात गेलो. तो मोठा पितळी डबा खालच्या फळीवर होता. मैनाबाई वरच्या लहान डब्यातून डाळ घेते, याला फारसा हात लागत नाही. झाकण काढले. डाळ निम्म्याच्या वर होती. हात घातला की कळले असते.

किल्ली नसेल, तर पत्र्याचा दाब माझा होता आणि खाटेवरचाही माझाच होता. किल्ली असेल, तर पत्र्याखाली सत्यभामा होती.

मी झाकण लावले, डबा मागे सारला आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. मन अगदी शांत होते, भूल दिलेल्या जागेसारखे. मला त्या शांतपणाचीसुद्धा काळजी वाटली नाही.

६

शनिवारी छत पूर्ण झाले. यंत्र गोणपाटात गुंडाळले, हात घासून धुतले आणि सत्यभामेच्या खाटेवर बसलो. तिच्या डाव्या हातात माझा उजवा हात दिला. तो दिल्याचेही मला डोळ्यांनीच कळले.

मी विचारले, शालूकडे जायचे का? तिथे तिच्या घरचे खावे लागेल. चालेल?

काही आले नाही. बराच वेळ बसलो. मग डावा हात देऊन पाहिला. त्यालाही काही कळले नाही, पण त्याला कधी काही शिकवलेच नव्हते. सत्यभामेचा श्वास चालू होता. बाहेर पोर्चमध्ये गाडी उभी होती. उठून एकदा तिच्या छतावर हात ठेवावा असे मला वाटले. मी उठलो नाही.

रविवारी शालू आणि गोवर्धन जीपने आले. गोवर्धनने गाडीभोवती फेरी मारली आणि मान डोलावली. "मामाजी, कारखान्यात नोकरी देतो तुमाले," तो म्हणाला. शालू आईजवळ गेली, पाठीची जखम पाहिली आणि तोंडावर पदर धरून बाहेर आली. ती ओट्यावर माझ्या शेजारी बसली. आई काय म्हणाली, असे तिने विचारले.

मी हो म्हणू शकलो असतो, नाहीही म्हणू शकलो असतो. मी म्हटले, मला कळले नाही. यंत्राने हात बधिर झाला आहे.

तिने माझा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "बाबा, आई कधीच काही म्हणत नव्हती. तुम्हाला बरं वाटत होतं, म्हणून मी बोलले नाही."

मी मान हलवली. यात नवीन काही नव्हते. तरीपण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे वेगळे होते.

"मी आईला मरू देऊ का इथं?" ती म्हणाली. "एका घासासाठी?"

मी म्हटले, घेऊन जा.

७

गोवर्धन आणि मी चादरीच्या झोळीत सत्यभामेला उचलून गाडीत आणले. मागच्या सीटवर उशा लावून तिला टेकवून बसवले, शेजारी शालू. पुढे गाद्या, औषधे, भांडी. मला जागा नव्हती. जीप तूर्त इथेच ठेवायची आणि घर बंद करून दोन दिवसांनी मी रेल्वेने यायचे असे ठरले. मैनाबाईने सत्यभामेच्या कपाळाला कुंकू लावले, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि जेवण्याखाण्याची लाज करू नको, लेकच हाये, असे मोठ्याने म्हणाली. बडनेऱ्याच्या रस्त्यावर धूळ फार, म्हणून शालूने काचा वर घेतल्या. गोवर्धनने इंजिन सुरू केले.

दुपारचे ऊन पोर्चमध्ये अर्ध्यापर्यंत आले होते. मी गाडीच्या मागच्या बाजूला उभा होतो. छत आरशासारखे झाले होते, त्यात पोर्चची कमान आणि आभाळाचा तुकडा दिसत होता. यंत्र कालपासून बंद होते. मी हात वर करून छतावर ठेवला, निरोप देताना कोणीही ठेवील तसा.

ओठांतल्या ओठांत मी विचारले, जायचे आहे ना?

नेहमीइतकाच उशीर लागला. मग दाब आला. एकदा.

मी वाकून मागच्या काचेतून आत पाहिले. शालू समोर बघत होती, मांडीवर पिशवी धरून. सत्यभामेची मान उशीवर कलंडली होती, जशी आम्ही ठेवली होती तशीच. तिचा डावा हात वर होता. कोपरात सरळ, डोक्याच्या वर, दोन वर्षांत जो चादरीवरून उचलला गेला नव्हता तो हात. तळवा छताच्या कापडाला टेकलेला होता. बरोबर माझ्या तळहाताखाली. बोटे पसरलेली होती, आणि कापड तिथे ताणले गेले होते.

दुसरा दाब येणार होता की नाही, मला माहीत नाही. मी हात उचलला.

चटका बसल्यासारखा उचलला. खरे तर त्या हाताला चटका कळत नव्हता. मला तिला शिवायचे नव्हते, एवढेच त्या क्षणी होते. मग मी काचेवर टकटक केले आणि गोवर्धनला हाताने खूण केली, निघा.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि वळली. वळताना मागची काच पुन्हा माझ्याकडे आली. शालू अजून समोरच बघत होती. तिच्या शेजारी तो हात वरच होता. तो छताच्या आतून सावकाश सरकत होता, आधी डावीकडे, मग मागे, मग पुन्हा मधोमध, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा थांबत होता.